गाडीतला दाढीवाला

२ एप्रिल २०१८, सोमवार

डॉनेलवर खुनाचा आरोप ठेवला. कीननच्या खुनाचा. माझ्या कीननच्या!

फोन आला तेव्हा मी पावाचं पीठ मळत होते. हात तसेच, फोन खांद्यात धरलेला. सरकारी वकिलांच्या कचेरीतली ती मिस व्हिटलो. ज्यांच्या घरात कुणी मारलं गेलंय त्यांना सांभाळायचं, हे तिचं काम. बाई गोड बोलते. म्हणाली, "मिसेस टॉलिव्हर, पेपरात येण्याआधी तुम्हाला आमच्याकडून कळावं असं वाटलं. आरोप ठेवलाय."

मी म्हटलं, "धरलं का एकदाचं लॅसिटरला?"

 ती म्हणाली, "नाही हो. डॉनेल पेटवेला."

मी म्हटलं, बाई, डॉनेलच्या हातात बेड्या होत्या. त्याला त्या बंद घराच्या पुढच्या ओट्यावर पोलिसांनी बसवून ठेवला होता. कीनन मागच्या दारानं पळाला, आणि गोळ्या घराच्या मागे झाडल्या. तीन. दोन पाठीत लागल्या. झाडल्या वेड लॅसिटरनं, पोलिसानं, भर दुपारी सव्वादोनला. पोराच्या हातात काही नव्हतं. पट्ट्याला फोन होता, बस.

तिनं समजावून सांगितलं. दोनदा सांगितलं, न चिडता. कायदा असा म्हणे — दोघं मिळून कुणाच्या घरात चोरीला शिरले आणि त्या भानगडीत कुणाचाही जीव गेला, तर जो उरला तो खुनी. गोळी कुणी का झाडेना. पोलिसानं झाडली तरी. लॅसिटर चौकशीतून सुटला. त्यानं त्याचं काम केलं, असं ठरलं. आजपासून कामावर आहे.

फोन ठेवताना मी तिला "थँक्यू" म्हटलं. सवय!

पण आभार मानायला जागा आहे, खोटं कशाला बोलू. पोर जाऊन सहा आठवडे होतील उद्या, आणि एकदाही मला स्वतःचं जेवण स्वतः शिजवावं लागलं नाही. आमच्या चर्चच्या बायकांनी पाळ्या लावून घेतल्या आहेत. आज सिस्टर ओलाची पाळी. तिनं बटाट्याच्या सॅलडमध्ये बेदाणे घातले, देव तिला क्षमा करो. बेदाणे वेचून काढले आणि सगळं खाल्लं.

५ एप्रिल, गुरुवार

पोस्टात पायी गेले. जाऊन-येऊन दीड तास. घोटे सुजले. बरं वाटलं.

८ एप्रिल, रविवार

आज चर्चला जाताना तीन गाड्या थांबल्या. "मदर टॉलिव्हर, बसा, बसा." (चर्चमध्ये आम्ही म्हाताऱ्या सगळ्याच मदर.) सगळ्यांना वाटतं दुःखानं माझं गाडी चालवणं सुटलं. चर्चचा कारभारी डीकन प्यू, त्यानं तर मला न्यायला-आणायला आपला नातू नेमून दिला. माणसं इतकी चांगली आहेत की लाज वाटते.

गाडी मागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली आहे. का आहे ते इथे लिहिते. इथे नाही लिहिलं तर माझी छाती फुटेल.

त्या मंगळवारी मीच सोडलं दोघांना.

कीननची गाडी बंद पडली होती. जेवण झाल्यावर म्हणाला, "मम्मा, आम्हाला जरा चेस्टनट रोडला सोड ना." मी विचारलं, काय काम? "साफसफाईचं." डॉनेल मागे बसला, पायाशी पिशवी. वळणावर पिशवी आडवी झाली आणि पहारीचं टोक बाहेर आलं. मी आरशात बघितलं. डॉनेलनं पायानं ते आत सारलं. आरशात आमची नजरानजर झाली, आणि पोरानं मान खाली घातली.

चेस्टनट रोडचे हॅडलीबाबा जानेवारीत वारले. घर कुलूपबंद. त्यांची पोरं सगळी डेट्रॉइटला. त्या घरात कुणी साफसफाई सांगितलेली नाही, हे मला ठाऊक होतं! एकोणतीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात काढली मी. कुठलं पोर काय लपवतंय ते ताटावरून ओळखते. आणि मी काय म्हटलं? म्हटलं, "पाचला जेवायला या. उशीर केलात तर गार खा." आणि गाडी वळवली.

विचारलं असतं तर भांडण झालं असतं. त्या दिवशी भांडायचा कंटाळा आला होता. एवढंच कारण. दुसरं शोधून पाहिलं, सापडत नाही.

११ एप्रिल, बुधवार

मिस व्हिटलो घरी येऊन गेली. येताना फुलं आणली, साधी, दुकानातली, पण आणली. कोर्टाच्या तारखांचा कागद, गाडी लावायचा पास (हसूच आलं मला!), आणि माझ्यासाठी एक वेगळी खोली — म्हणजे आरोपीच्या घरच्यांसमोर बसावं लागू नये म्हणून. मी म्हटलं, आरोपीची आई रोशेल. ती माझ्या बाळंतपणात माझा हात धरून बसली होती. तिच्यासमोर बसायला मला काय झालंय?

मग ती जवळ सरकली. म्हणाली, "मिस बर्नडीन, आणखी एक. त्यांच्याबरोबर तिसरा कुणीतरी होता. समोरच्या म्हातारीनं खिडकीतून बघितलं. मोठी पांढरी गाडी. चालवणारा दाढीवाला माणूस. डॉनेल नाव सांगत नाही. पण आम्ही त्याला शोधणार. तोही तितकाच जबाबदार. तुमच्यासाठी शोधणार."

माझा हात धरला होता तिनं.

दाढीवाला! माझा तपकिरी मफलर. फेब्रुवारीत दाढ दुखत होती म्हणून हनुवटीपासून कानापर्यंत गुंडाळला होता. आणि गाडी पांढरी नाहीच, पिवळसर आहे.

ती गेल्यावर मी हसले. एकटीच, हुंदके येईपर्यंत हसले. मग मफलर आधी कचऱ्यात टाकला आणि परत काढला. माझ्या बहिणीनं विणलाय.

२० एप्रिल, शुक्रवार

आज एक कठीण काम उरकलं.

फेब्रुवारीत, मातीच्या दुसऱ्या दिवशी, ओट्यावर एक झाकलेलं भांडं ठेवलेलं होतं. कोंबडी आणि भात. चिठ्ठी नाही. भांड्याच्या बुडाला चिकटपट्टी, तिच्यावर नाव घासून पुसलेलं, पण 'लॅ' तेवढा राहिला होता. वेड लॅसिटरची आई! तेव्हा भात मी कुत्र्यांना घातला, भांडं कपाटात कोंबलं. दोन महिने ते कपाट उघडलं की तोंड कडू व्हायचं.

भांडं तर परत करायला हवं. आणि रिकामं परत करायचं नसतं — माझी आई वरून बघतेय. पण त्या घरी काय भरून पाठवू? तिचा मुलगा माझ्या शाळेत होता. पहिलीपासून सहावीपर्यंत. माझे गरम पाव दोन दोन उचलायचा, एक खिशात. मी बघून न बघितल्यासारखं करायची.

अखेर पाव केले. बारा. भांड्यात ठेवून पायी गेले. दार तिनंच उघडलं. गोरी, बारीक बाई, माझ्याच वयाची. भांडं बघून दाराला धरून उभी राहिली. म्हणाली, "मला काय करावं ते सुचेना, म्हणून भात केला."

मी म्हटलं, "भात चांगला होता." खोटं बोलले. कुत्र्यांना तरी आवडला होता.

बस, एवढंच. परत आले. त्याला मी माफ केलं असं कुणी समजू नये. वेडनं पळत्या पोराच्या पाठीत गोळ्या घातल्या, आणि आज रात्री तो आपल्या आईच्या हातचं जेवेल. पण त्या बाईनं दार उघडलं. नसतं उघडलं तर भांडं ओट्यावर ठेवून यायची वेळ आली असती. तेवढ्यासाठी तिचे आभार.

२ मे, बुधवार

काही नाही. टोमॅटोची रोपं लावली.

१३ मे, रविवार

मदर्स डे. चर्चच्या दारात पोरी फुलं लावतात — आई असेल त्याला लाल, नसेल त्याला पांढरं. मला सतरा वर्षं पांढरं लावतात. आज ती लहान ब्रियाना माझ्यासमोर दोन्ही फुलं घेऊन घुटमळली. तिला कुणी सांगितलंच नव्हतं, ज्या आईचा मुलगा गेला तिला काय लावायचं. मी म्हटलं, "बाळा, पांढरंच दे, माझी आई अजूनही मेलेलीच आहे." मागच्या बाकावरच्या बायका फिस्सकन हसल्या आणि मग एकदम गप्प झाल्या.

नंतर रोशेलनं पर्समधून पाकीट काढलं. तुरुंगातून आलेलं. डॉनेलचं कार्ड — स्वतः काढलेलं, पेन्सिलनं. एकच कार्ड, दोघींना. 'मम्मा आणि मिस बर्नडीन'. दर वर्षी ही दोन्ही पोरं जोडीनं यायची आणि सकाळचं सगळं फस्त करून जायची. एकोणीस वर्षांचं पोर. त्याला बाप नाही, आणि आता कीनन पण नाही. आम्ही दोघीच.

रोशेल म्हणाली, "कार्ड तू ठेव." मी म्हटलं, "तू ठेव." शेवटी फाडायची वेळ येते की काय! तिनं ठेवलं. पण वाचायला मला घरी आणू दिलं, बुधवारपर्यंत.

१९ मे, शनिवार

रोशेल आली. बसली नाही. स्वयंपाकघरात उभ्यानंच सगळं बोलली.

डॉनेलपुढे तडजोड ठेवली आहे. गुन्हा कबूल कर आणि गाडीवाल्याचं नाव सांग — पंधरा वर्षं. नाहीतर खटला. खटल्यात हरला तर जन्मठेपही होऊ शकते. मुदत ८ जून, शुक्रवार, संध्याकाळी पाच.

"तर तो म्हणतो कबूल करतो. कीननला मी मारलं असं म्हणायचं असेल तर तेही म्हणतो. पण नाव सांगणार नाही! बर्नडीन, पंधरा वर्षांत बाहेर येईल तो! चौतिसाचा असेल! लग्न करता येईल! आणि कुणासाठी गप्प आहे? तो मेला दाढीवाला पोरांना तिथे सोडून पळून गेला. एकदा चौकशीला आला नाही की फुलं घेऊन आला नाही. मी रोज विचारते. रोज! फोनवर पंधरा मिनिटं मिळतात, चौदा मी तेच विचारते. कोण होता रे, कोण होता? तो म्हणतो, मम्मा, जेवलीस का."

मी ओट्याला टेकून उभी होते. 

"तुझं ऐकेल तो," रोशेल म्हणाली. "तुझाच मुलगा गेलाय. तू सांगितलंस की नाव सांग, तर सांगेल. जाशील ना?"

जाईन म्हटलं. तिनं मला मिठी मारली. किती वेळ सोडलंच नाही. माझ्याच गळ्यात पडून ती माझ्याच नावानं शिव्या घालत होती, आणि मी तिची पाठ थोपटत होते.

२० मे, रविवार

चर्चला गेले नाही. कळवलं डोकं दुखतंय. अर्ध्या तासात दारात चार जणी, सूप घेऊन.

२६ मे, शनिवार

तुरुंगात गेले. समोरासमोर भेट नाहीच. एका खोलीत पडदा, पडद्यावर डॉनेल, कानाला फोन. वर पाटी — सर्व संभाषण नोंदवले जाते.

बारीक झालाय. केस वाढलेत. मला बघून असा हसला की वाटलं हात घालून पडद्यातून बाहेर ओढावा.

"मिस बर्नडीन! तुम्ही कशाला आलात एवढ्या लांब?"

"तुझ्या आईनं पाठवलं."

"माहीत आहे. रोज पाठवते कुणाला ना कुणाला."

"डॉनेल, ती म्हणते ते—"

"पायी फिरता म्हणे हल्ली," त्यानं मधेच तोडलं.

"हो."

"चांगलंय. पायीच फिरा. तब्येतीला बरं." वर पाटीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "डॉक्टरनं सांगितलंय असं सगळ्यांना सांगत जा."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.  मग म्हणाला, "कीनन पहिला पळाला म्हणून लोक काय काय बोलतात. पण पळताना मला हाक मारली होती त्यानं. चल म्हणून. माझाच बूट अडकला पुढच्या दाराच्या उंबऱ्यात. नाहीतर मी त्याच्या पुढे असतो. मी जास्त पळतो." आणि मग, "त्याच्या आईला काही होऊ देणार नाही मी. सांगून ठेवतो."

हे तो माझ्याशीच बोलत होता, आणि मी आहे कीननची आई!

वेळ संपली. पडदा निळा झाला.

येताना डीकन प्यूचा नातू गाडीत काहीतरी सांगत होता, बेसबॉलचं. मी हूं हूं करत होते. देवा, मला असं प्रेम कुणी करावं एवढं मी काय केलंय? कुणाच्या पोरानं आपलं सबंध आयुष्य माझ्या पायाशी ठेवलंय आणि म्हणतो, पायी फिरा. आभार कसे मानू? आभार मानणं म्हणजे ते घेणं. घेऊ कसं?

२९ मे, मंगळवार

रोशेलला सांगितलं, ऐकत नाही. ती म्हणाली, "माझ्या पोटचं असून गाढव आहे." आणि खूप रडली.

३ जून, रविवार

महिन्याचा पहिला रविवार. आम्ही म्हाताऱ्या पांढऱ्या कपड्यांत पुढच्या बाकावर. साक्षी देण्याची वेळ आली. उठायचं, आणि देवानं काय केलं ते खरं खरं सगळ्यांसमोर सांगायचं. पन्नास वर्षं बघतेय मी हे. दारुडे उठलेत, नवऱ्याला फसवलेल्या बायका उठल्यात. मागून सगळे म्हणतात, "बोल, बाई! सांग!" आणि बोलून झालं की त्या माणसाच्या खांद्यावरून काहीतरी उतरलेलं दिसतं. कुणी त्याला टाकत नाही. निदान त्या खोलीत तरी नाही.

सिस्टर ओला उठली, तिच्या गुडघ्याबद्दल बोलली. वीस मिनिटं. मग पास्टर माझ्याकडे बघून म्हणाले, "मदर टॉलिव्हर?"

मी उठले. समोर रोशेल. "देवाचे आभार," म्हटलं, "आणि तुम्हा सगळ्यांचे. तुम्ही मला जेवू घातलंत." मागून, "सांगा, मदर!" आणि मी खाली बसले. टाळ्या झाल्या! मला आयुष्यात कशाची एवढी शरम वाटली नाही.

पण बसल्या बसल्या ठरलं. इथे सांगून काही उपयोग नाही. जिथे उपयोग आहे तिथे सांगायचं.

हिशोब सरळ आहे. त्यांना दोन गोष्टी हव्यात — कबुली आणि नाव. कबुली डॉनेल देतोच आहे. नाव मी देईन. मग त्याला तोंड उघडायलाच नको; त्यानं मला धरून दिलं असंही नाही, आणि पंधरा वर्षंही पदरात. कसं आधी सुचलं नाही!

५ जून, मंगळवार

डॉनेलचे वकील मिस्टर ग्रीर, सरकारनं दिलेले — त्यांना आधी विचारावं म्हणून फोन केला. दोनदा. यंत्र बोललं. निरोप ठेवायचा म्हटलं तर काय ठेवू? आणि खरं बोलायला परवानगी कसली मागायची. सोडून दिलं.

६ जून, बुधवार

ताडपत्री काढली. गाडी पुसली. पहिल्या किल्लीत चालू झाली, शहाणी.

७ जून, गुरुवार

सांगितलं! सगळं!

स्वतः गाडी चालवत गेले. मिस व्हिटलोनं दिलेला पास काचेला लावला आणि दारासमोर लावली. ती धावतच बाहेर आली, "मिस बर्नडीन, कळवायचं नाही का, गाडी पाठवली असती!" मला आत नेलं, त्या माझ्या वेगळ्या खोलीत. रुमालांचा खोका पुढे सरकवला.

मी म्हटलं, "तुमचा दाढीवाला मी आहे."

तिला कळलंच नाही. मग मी मफलर काढला. मुद्दाम नेला होता पर्समध्ये. बांधून दाखवला. जून महिन्यात! "ही घ्या दाढी," म्हटलं, "आणि गाडी तुमच्या दारात उभी आहे."

बिचारी ताडकन उठली. म्हणाली, "थांबा. पुढे काही बोलू नका. प्लीज. मला कुणालातरी बोलवावं लागेल." दारापर्यंत गेली, परत वळून म्हणाली, "तुम्ही आधी वकिलाशी बोललात का?" मला वाटतं ती मला जा म्हणत होती. तिच्या डोळ्यांत तेच होतं. चांगली बाई आहे, पहिल्या दिवसापासून चांगली. तिच्यावर माझा काडीचा राग नाही.

दोघं पुरुष आले. टेपचं यंत्र टेबलावर. एकानं वाचून दाखवलं — गप्प राहण्याचा हक्क, वकिलाचा हक्क. मी म्हटलं, "पोरांनो, पन्नास वर्षं मी चर्चमध्ये उभी राहून बोलतेय, एकदाही वकील नेला नाही." धाकटा हसला. थोरला नाही हसला.

आणि बोलले. पहार, आरसा, हॅडलीबाबांचं घर, पाचला जेवायला या. एकही गोष्ट ठेवली नाही. मधेच थोरल्यानं विचारलं, "म्हणजे ते चोरीला चाललेत हे तुम्हाला माहीत होतं?" मी म्हटलं, "हो. कुणी सांगितलं नाही, पण माहीत होतं." त्यानं ते लिहून घेतलं आणि मला वाचायला दिलं. सही केली, माझी चांगली सही, शाळेच्या रजिस्टरावरची.

शेवटी म्हटलं, "आता नाव तुमच्याकडे आलं. डॉनेलला विचारायचं राहिलं नाही. त्याची पंधरा वर्षं उद्या पाचच्या आत पक्की करा." थोरला म्हणाला, "आम्ही साहेबांना कळवतो." गावाबाहेर जाऊ नका म्हणाले. मी कुठे जाणार? टोमॅटो लागलेत.

गाडी ठेवून घेतली त्यांनी. धाकट्यानं घरी सोडलं. उतरताना दार उघडून दिलं आणि म्हणाला, "सांभाळून, मॅम."

घरात आल्यावर बसले आणि चक्क भूक लागली. फेब्रुवारीनंतर पहिल्यांदा. स्वतः शिजवलं — कोबीची पानं, मक्याचा पाव, कांदा. सगळं जेवले. देवा, किती किती आभार! माझ्या आईचे, जिनं खोटं बोलले की तोंडात साबण घातला. कीननचे — पोरा, बावीस वर्षं तू माझ्याकडे राहिलास. आणि त्या दुसऱ्या पोराचे, जो पडद्यात बसून माझ्या पायांची काळजी करतो. उद्या रोशेलकडे जाऊन तिला सांगणार. ती मला मारेल. मारू दे. मग तिलाही कळेल की तिचा मुलगा गाढव नाही.

८ जून, शुक्रवार

रोशेलनं ऐकून घेतलं. मारलं नाही. दार लावून घेतलं.

पाच वाजून गेले. कुणाचा फोन नाही. कागदपत्रांना वेळ लागतो.

२१ जून, गुरुवार

काउंटीचा तुरुंग. पेन देत नाहीत, अंगठ्याएवढी पेन्सिल मिळाली. वॉरंटवर मयत म्हणून कीनन वेस्ली टॉलिव्हर. खुनाचा आरोप माझ्यावर.

आज मिस्टर ग्रीर आले. खुर्ची ओढून बसले. मग म्हणाले, "मिस बर्नडीन, त्या मुलाकडे देण्यासारखी एकच गोष्ट होती. ते नाव. ते तुम्ही त्यांना फुकट देऊन टाकलंत. आता त्यांना त्याच्याकडून काहीच नकोय. तडजोड मागे घेतली. ऑक्टोबरात खटला, तुम्हा दोघांचा."

  मी विचारलं, डॉनेलला कळलं का? काय म्हणाला?

"हसला," ग्रीर म्हणाले. "म्हणाला, चला, आता मम्मा रोज रोज विचारायची तरी थांबेल."